नातेवाइकांचे फोटो काढायचे तर पैसे घ्यायचे का? ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्या फोटोग्राफरसाठी

कॅमेरा घेतला की पहिलं बोलावणं घरातूनच येतं. "तू आता फोटो काढतोस ना? मग रविवारी ये, पिंट्याची मुंज आहे." बोलावणं जेवायचं आहे की कामाचं, हे बोलावणाऱ्यानेही ठरवलेलं नसतं. आपण खुशीत हो म्हणतो, सकाळी सातला हॉलवर हजर होतो, आणि शेवटची पंगत उठल्यावर कुणीतरी आठवणीने गार झालेली जिलबी आणून देतं. मग पुढचा महिनाभर जो भेटेल तो विचारतो, "फोटो कधी देतोयस?"

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत हे जरा जास्तच होतं, कारण नातेवाईक हाकेच्या अंतरावर असतात. मावशी नौपाड्यात, काका घोडबंदर रोडला, आत्या नेरूळला, मामेभाऊ खारघरला. ट्रान्स हार्बर लोकलने तासाभरात कुणाच्याही दारात पोचता येतं, म्हणून "लांब पडतं हो" ही सबबसुद्धा हाताशी नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे घ्यायचे की नाही हे नात्यावरून ठरवू नका, कामावरून ठरवा. सख्खी आत्या म्हणून फुकट, चुलत आत्या म्हणून निम्मे, बायकोची आत्या म्हणून पूर्ण, असा हिशेब एकदा सुरू केला की तो कुणालाच पटत नाही, आणि तो सगळ्या खानदानाला कळल्याशिवाय राहत नाही.

पायरी १: अक्षता की कॅमेरा, हे आधी ठरवा

मंगळाष्टकं सुरू झाली की मांडवात प्रत्येकाच्या मुठीत अक्षता असतात. तुमच्या मुठीत असणार आहेत का? असतील, तर तुम्ही पाहुणे. कॅमेरा खांद्याला लटकत असला तरी पाहुणेच. चार फोटो काढाल, जमले तर जमले, आणि त्याचे पैसे मागणं शोभणार नाही. पण अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा फोटो मिळालाच पाहिजे अशी कुणी तुमच्यावर भिस्त ठेवली असेल, तर तुम्ही कामाला आला आहात. कामाला आलेल्याने पैसे घ्यावेत, मग यजमान सख्खा मामा का असेना.

ही कसोटी लहान कार्यांनाही लावता येते. बोरन्हाणाला गेलात, बाळाच्या डोक्यावर चुरमुरे-बोरं ओतताना पाच-सहा फोटो घेतले, तिळाची वडी खाल्ली आणि निघालात, यात पैशाचा विषय येतच नाही. घरचा गणपती, हळदीकुंकू, मावशीच्या नव्या फ्लॅटमधला सत्यनारायण, सगळं याच खात्यात. याउलट डोहाळेजेवण आता बऱ्याच घरांत हॉल घेऊन, झोपाळा सजवून, फुलांच्या दागिन्यांसह होतं. तिथे सजावटवाल्याला पैसे, केटररला पैसे, मेकअपवालीला पैसे, आणि फक्त फोटोवाला "आपलाच आहे". तुम्ही तिथे चार तास उभे राहणार असाल तर तेही कामच.

सख्ख्या बहिणीच्या किंवा भावाच्या लग्नाचं काम मात्र पैसे घेऊन नको आणि फुकटही नको. बहिणीचं लग्न असेल तर लाजाहोमाला तिच्या हातात लाह्या तुम्हीच घालणार, कानपिळीला नवऱ्याचा कान तुम्हीच पिळणार. करवली असाल तर मागे करा धरून उभं राहायचं आहे. ज्या फोटोंत तुम्ही असायला हवं, ते तुम्ही काढणार कसे? त्यापेक्षा ओळखीच्या चांगल्या फोटोग्राफरला काम द्या, आणि जमलं तर त्याच्या बिलातला काही भाग आहेर म्हणून तुम्ही भरा.

एक काम मात्र पैशाच्या चर्चेच्या पूर्ण बाहेर ठेवा, आणि कुणी सांगायची वाटही बघू नका: घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे नीट पोर्ट्रेट. घरात कुणी गेलं की पहिली धावपळ फोटोची होते. मग कुठल्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा कापून मोठा करतात, शेजारच्याचा खांदा तसाच राहतो, आणि ती धूसर चौकट पुढची वीस वर्षं भिंतीवर असते. आजी-आजोबांना खिडकीशेजारी खुर्चीवर बसवा, फ्लॅश न वापरता बाजूच्या उजेडात दहा मिनिटं द्या, गप्पा मारता मारता काढा. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. याचे पैसे कुणी देऊ केले तरी घेऊ नका.

पायरी २: तुम्हाला स्वतःला किती पडतं ते कागदावर मांडा

"तुझा काय खर्च आहे? रोल तर लागत नाही आता," हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. त्याला चिडून उत्तर देण्यात अर्थ नाही, उत्तर आकड्यात तयार असावं. ते यजमानाला दाखवायची गरज नाही, ते तुमच्यासाठी आहे.

मधल्या-वरच्या दर्जाच्या डीएसएलआरचं शटर साधारण दीड लाख क्लिकपर्यंत टिकेल अशा बेताने बनवलेलं असतं, काही प्राथमिक मॉडेलांचं एक लाखापर्यंत. समजा, तुमच्या बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याची, किंमत ९०,००० रुपये आणि एका मुंजीत २,००० क्लिक होतात. दीड लाखाला दोन हजाराने भागा: ७५ कार्यं. म्हणजे प्रत्येक कार्यामागे बॉडीचे १,२०० रुपये झिजले. लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या यांची झीज समजा ५००. नौपाड्यातून खारघरला सामान घेऊन टॅक्सीने जाऊन-येऊन १,२०० धरा. पहाटे फ्लॅशच्या पिशव्या घेऊन लोकलने जाता येतं, पण रात्री भिक्षावळ आटोपून परत येताना अंगात त्राण उरत नाही. २,००० रॉ फाइली (कॅमेऱ्यातून निघालेले मूळ, एडिट न केलेले फोटो), प्रत्येकी ३० एमबी, म्हणजे ६० जीबी. त्याच्या दोन प्रती, १२० जीबी. हार्ड डिस्कवरच्या त्या जागेचे ४०० रुपये. बेरीज ३,३०० झाली, आणि अजून तुमच्या कष्टाचा एक रुपयाही धरलेला नाही.

आता वेळ. मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत दहा तास. दोन हजारांतून तीनशे निवडून प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तरी एडिटिंगचे दहा तास. आधीचे फोन, नंतरचे फोन, अपलोड, असे तीन तास. तेवीस तासांचे, तासाला २५० रुपये या नवख्याच्या दरानेही, ५,७५० होतात. एकूण ९,०५०. यात नफा नाही. पुढची लेन्स घेण्याचे पैसे यातून निघणार नाहीत.

ही सगळी आकडेमोड उदाहरणादाखल आहे, तुमचे आकडे तुम्ही घाला. पण घालाच. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून, ओलावा मोजायचा छोटा मीटर लावून ४०-५० टक्क्यांवर ठेवता ना? खाडीच्या या दमट हवेत तोही खर्चच आहे. ज्यांनी हा हिशेब कधी केलेला नाही, ते काकांच्या पहिल्या "काय रे?"ला गडबडतात आणि तोंडाला येईल तो आकडा सांगतात. तो नेहमीच कमी असतो.

पायरी ३: पंचांग बघा

याचा विचार फार थोडे नवखे करतात. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. तुळशीचं लग्न लागलं की हॉल भरायला लागतात, आणि मग उन्हाळ्यापर्यंत जे थोडे दाट मुहूर्त असतात त्यांवर या धंद्याचं वर्ष चालतं. त्यांतला एक दिवस तुम्ही चुलतभावाला फुकट दिलात, तर तुमचे तेवीस तास जातातच, शिवाय त्याच दिवशी येऊ शकणारं पूर्ण दराचं कामही जातं. ते काम नाकारलेल्या माणसाला तुमच्या चुलतभावाचं काही देणंघेणं नसतं, तो दुसरा फोटोग्राफर धरतो आणि पुढच्या वेळीही त्याच्याकडेच जातो.

म्हणून एक साधा नियम ठेवा. दाट मुहूर्ताच्या दिवशी सगळ्यांना सारखा दर. श्रावण-भाद्रपदात किंवा आडवारी काही करायचं असेल, उदाहरणार्थ बाळाचे फोटो, नव्या घरातले फोटो, काका-काकूंच्या लग्नाच्या पन्नाशीचे फोटो, तर हात सैल सोडायला हरकत नाही. नातेवाइकांनाही हे कारण पटतं. "मे महिन्यात नको, जूनमध्ये निवांत करू, मग पैशाचं बघू नका" असं म्हटलं तर कुणी रागावत नाही.

पायरी ४: बिल पूर्ण लिहा, आहेर वेगळा दाखवा

माझ्या मते या सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. नातेवाइकांना सूट द्यायची तर ती बोलण्यात विरघळू देऊ नका, कागदावर आणा. व्हॉट्सअॅपवर मेसेज असा:

"मुंज, पूर्ण दिवस, एक फोटोग्राफर, ३०० एडिट केलेले फोटो: १५,००० रुपये. आमच्याकडून बटूला आहेर: ५,००० रुपये. बाकी: १०,००० रुपये. प्रवास धरलेला आहे. अल्बम वेगळा."

याने दोन कामं होतात. तुमच्या कामाची खरी किंमत घरात कळते, आणि काकू जेव्हा पुढे तुमचं नाव कुणाला सुचवतात तेव्हा "दहा हजारात करतो" असं न सांगता "पंधरा घेतो, आम्हाला पाच आहेर केला" असं सांगतात. शिवाय आहेर केलेला असतो, म्हणजे पाकीट वेगळं द्यायला नको. आमच्याकडे मानपानाची नोंद वहीत होते, त्या वहीत तुमचे पाच हजार रीतसर चढतात. पुढे तुमच्या घरच्या कार्यात ते परतही येतात, कधी कधी व्याजासकट.

पूर्ण फुकट करायचं असेल तरीही बिल लिहाच: १५,००० रुपये, आहेर १५,००० रुपये, बाकी शून्य.

जे टाळायचं ते म्हणजे न बोलता घेतलेले निम्मे पैसे. "तू जे म्हणशील ते देऊ" यावर "काहीही द्या हो" असं म्हटलं की दोन्हीकडून अडचण. त्यांना वाटतं आपण पैसे मोजलेत, तेव्हा अपेक्षा पूर्ण दराची. तुम्हाला वाटतं आपण उपकार केलेत, तेव्हा एडिटिंग सवडीने. असे फोटो चैत्रातल्या लग्नाचे दिवाळीला मिळतात.

ज्या खर्चाचे पैसे तुमच्या खिशातून तिसऱ्याला जाणार आहेत, त्यात मात्र आहेर नाही. मदतीला घेतलेला दुसरा फोटोग्राफर, भाड्याने आणलेली लेन्स, अल्बमची छपाई. अल्बमचे पैसे तर यजमानांनी थेट लॅबलाच द्यावेत असं ठरवा. तुमच्या हातून गेले की "त्यात तुझं किती सुटलं?" हा प्रश्न कुणाच्या तरी मनात येतोच.

पायरी ५: कोणाशी बोलायचं आणि कसं

बोलणं पहिल्या फोनवरच व्हायला हवं, तारीख वहीत लिहिण्याआधी. आणि घरात जो खर्च करणार आहे त्याच्याशीच. फोन बहुधा मावशीचा येतो, पैसे काकांचे असतात, आणि निर्णय घेणारी वहिनी असते. मावशीने तोंडभर "हो हो" म्हटलेलं काकांपर्यंत पोचत नाही.

सुरुवात आनंदाने करा, पैशाने नको. "अरे वा! कधी? कुठला हॉल?" मग विचारा, "मावशी, मी पाहुणा म्हणून येऊ की फोटोचं काम माझ्याकडे देताय? काम दिलंत तर मी मन लावून करेन, पण मग दिवसभर तिथेच असेन, तुमच्याबरोबर बसायला मिळणार नाही. कामाचं काय ते मी काकांना मेसेज करतो." एवढंच. आवाज खाली न जाता, "म्हणजे कसं आहे ना..." न लावता.

उत्तरं ठरलेली असतात.

"घरच्यांकडून पैसे घेणार?" यावर: "काका, घरचा म्हणूनच आधी विचारलंत ना? आहेर म्हणून पाच हजार मी सोडलेत, बाकीच्यात माझा दिवस आणि सामान निघतं."

"बाहेरचा आठ हजारात करतो." यावर मुळीच वाद नको: "मग त्यालाच द्या, मी मुंजीला निवांत येतो, दोन घास सुखाने खाईन." हे टोमण्याच्या सुरात नको, खरोखर तसं वाटूनच म्हणा. बाहेरच्याला काम गेलं तर नातं शाबूत राहतं आणि पंगतीत जागा मिळते.

सगळ्यांत अवघड ती फिरकी: तुमच्याशी न बोलता तुमच्या आईला फोन जातो. "अगं ताई, तुझा मुलगा आमच्याकडून पैसे मागतोय." म्हणून दर ठरवला की पहिल्यांदा आईवडिलांना सांगा. दर किती, आहेर किती, का. आईला माहीत असेल तर ती फोनवर तुमची बाजू घेते. माहीत नसेल तर ती तिथल्या तिथे "नाही गं, पैसे कसले, मी सांगते त्याला" म्हणून मोकळी होते, आणि मग काहीच करता येत नाही.

पायरी ६: चार ओळी लिहून ठेवा

करारनामा वगैरे नातेवाइकांत नको, लोक बिचकतात. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज पुरे: तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती फोटो, किती दिवसांत, एकूण रक्कम, आहेर, आगाऊ किती. खाली "ठीक आहे ना काका?" आणि त्यांचा अंगठा. आगाऊ रक्कम निम्मी घ्या, यूपीआयने. पैसे आले की तारीख पक्की.

एक ओळ विसरू नका: "रॉ फाइली देत नाही." नाहीतर शेवटी "सगळेच दे ना, आम्ही निवडतो" येतं. दोन हजार फोटो कुणीही निवडत नाही. ते पेन ड्राइव्हमध्ये पडून राहतात, आणि त्यांतला डोळे मिटलेला एक फोटो फॅमिली ग्रुपवर तुमच्या नावाने फिरतो.

पायरी ७: कार्याच्या दिवशी

काम घेतलं असेल तर कामासारखे कपडे, कामासारखी वेळ. जेवण कधी ते आधी ठरवा: दुसऱ्या पंगतीला, ती चालू असताना कुणी विधी लावणार नाही. आणि ज्यांच्याकडून पैसे घेतलेत त्यांच्या घरच्या गप्पांत ओढले जाऊ नका. तुमच्या आत्याला वाटतं तुम्ही भाचे आहात, व्याह्यांना वाटतं तुम्ही मुलीकडचे फोटोग्राफर आहात. हे दुसरं जास्त जपायचं. मुलाकडच्या आजींचे फोटो कमी आले तर तो विषय वर्षभर पुरतो. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची नावं आधीच यादीत लिहून घ्या आणि ग्रुप फोटो काढताना खूण करत जा.

नातेवाईक असण्याचा मोठा फायदा इथेच आहे. बाहेरच्याला माहीत नसतं की गावाहून आलेले ते वाकलेले गृहस्थ नवऱ्यामुलाच्या आजोबांचे धाकटे भाऊ आहेत आणि पुन्हा कधी एवढ्या लांब येतील सांगता येत नाही. तुम्हाला माहीत असतं. तोटाही तिथेच: काकांना "जरा मागे सरका" म्हणायला जीभ रेटत नाही. त्यासाठी एक मोठ्या आवाजाची मामेबहीण बरोबर घ्या. ग्रुप फोटोत माणसं उभी करण्याचं काम तिचं, बटण दाबण्याचं तुमचं.

पाहुणे म्हणून जात असाल तर बॅग घरी ठेवा. एक बॉडी, एक ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स, फ्लॅश नाही. मोठी बॅग दिसली की लोक तुम्हाला कामाला लावणारच. आणि यजमानांनी दुसरा फोटोग्राफर बोलावला असेल तर त्याच्या आड येऊ नका. अंतरपाटाच्या वेळी त्याच्या समोर उभ्या राहिलेल्या हौशी भाच्यामुळे त्याचा मुख्य फोटो जातो, आणि दोष त्याच्या माथी येतो.

पायरी ८: बाहेरचं शूट असेल तर

प्री-वेडिंग किंवा बाळाच्या वाढदिवसाचं बाहेरचं शूट नातेवाईक सहज मागतात: "तलावपाळीला जाऊन तासाभरात करू." तासाभराचं शूट अर्ध्या दिवसाचं होतं, तेव्हा दर अर्ध्या दिवसाचाच सांगा.

उजेडाचा एक भाग इथल्या माणसाला कळायला हवा. ठाण्याचे डोंगर शहराच्या पश्चिमेला आहेत, त्यामुळे उपवनला सूर्य येऊरच्या डोंगराआड आधीच जातो आणि कोवळं ऊन पंचांगातल्या सूर्यास्ताच्या वेळेआधीच संपतं. नवी मुंबईत उलट: पारसिकची रांग पूर्वेला, खाडी पश्चिमेला. म्हणून वाशीच्या खाडीकाठी ऊन शेवटच्या क्षणापर्यंत मिळतं, पण सकाळी ते उशिरा पोचतं. पाम बीच रोडलगतच्या पाणथळीत फ्लेमिंगो हवे असतील तर साधारण डिसेंबर ते मे, आणि ते भरती-ओहोटीवर जागा बदलतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. पक्ष्यांच्या अंगावर चालत जाऊन जोडप्याची पोज घेणं टाळा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे पैसे घेऊन केलेल्या शूटला वन खात्याची परवानगी आधी विचारा. "आम्ही घरचेच आहोत" हे गार्डला पटत नाही, विशेषतः हातात रिफ्लेक्टर असेल तर.

"ड्रोन पण आण ना" याला सरळ नाही म्हणा. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या भोवती उडवायला निर्बंध आहेत, सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात आहे ते बघावं लागतं. २०२५च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, त्यामुळे उलवे, पनवेल, बेलापूरकडे राहणाऱ्या मामेभावाची गच्ची आता पूर्वीसारखी मोकळी नाही.

पायरी ९: फोटो देणं आणि फोटो टाकणं

दुसऱ्या दिवशी वीस निवडक फोटो द्या. लोकांना स्टेटसला ठेवायला तेच हवे असतात, आणि ते मिळाले की "कधी देतोस" निम्म्याने कमी होतं. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवलात तर तो दाबून लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बाकीचे लिंकवर. लिंक आधी यजमानांना, दोन दिवसांनी फॅमिली ग्रुपवर. मध्ये वहिनीला स्वतःचा एखादा फोटो काढून टाकायचा असेल तर तेवढी सवड मिळते.

हक्काबद्दल एक गंमत आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फोटोचा पहिला मालक फोटो काढणारा. पण कुणाच्या सांगण्यावरून आणि पैसे घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळं काही ठरलेलं नसताना मालक तो सांगणारा. म्हणजे मावशीकडून पैसे घेतलेत तर फोटो मावशीचे, फुकट केलंत तर तुमचे. तेव्हा आधीच्या त्या मेसेजमध्ये आणखी एक ओळ घाला: "निवडक फोटो माझ्या कामाचे नमुने म्हणून दाखवेन, चालेल ना?" तरीही लहान मुलांचे आणि बाळंतिणीचे फोटो विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकू नका, परवानगी कागदावर असली तरी. मुंडन चालू असताना रडणाऱ्या बटूचा फोटो तुम्हाला कितीही आवडो, दहावीत गेल्यावर तो त्याला आवडणार नाही.

पायरी १०: उरलेले पैसे आणि कर

बाकी रक्कम कार्याच्या दिवशी मागू नका, त्या दिवशी यजमान आचाऱ्याला, गुरुजींना आणि हॉलवाल्याला तोंड देत असतात. वीस फोटो पाठवताना खाली लिहा: "उरलेले फोटो तयार होतायत, बाकी रक्कम जमेल तशी या नंबरवर." पूर्ण फोटोंची लिंक पैसे आल्यावर. हे नातेवाइकांनाही लागू, आणि आधीच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असलं की वाईटपणा येत नाही. महिना उलटला तर एकदा फोन करा, मेसेज नको. मेसेज आई-मावशींच्या गटात स्क्रीनशॉट होऊन फिरतो. फोनवरही नाही जमलं तर ती रक्कम सोडा, फोटो द्या, आणि त्या घरच्या पुढच्या कार्याला फक्त अक्षता घेऊन जा.

काकांनी यूपीआयने दिलेले दहा हजार ही भेट नाही, कामाचे पैसे आहेत. काही जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेली भेट करमुक्त असते म्हणून कुणी तुम्हाला ते "गिफ्ट" लिहायला सांगेल, ते ऐकू नका. तुमच्या उत्पन्नात धरा, सोबत प्रवासाची बिलं आणि सामानाच्या पावत्याही जपून ठेवा. जीएसटीची धास्ती सध्या नको, सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात नोंदणी वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. नातेवाइकांच्या मुंजी करून तिथपर्यंत पोचायला बरीच मोठी खानदान लागेल.